मिडियम वेव्हवरचा धनसिंग

सुखीबाईशी मी खोटं बोललो ते कंटाळ्यापोटी, आणि खरं बोललो ते स्वतःची अब्रू वाचवायला. दोन्ही वेळा तिचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःला सांभाळून घेतोय असं कोणाला वाटायला नको.

महागावात बसस्टँडच्या मागच्या बोळीत माझं दुकान आहे. पाटीवर अजून 'रेडिओ, टेप, ट्रान्झिस्टर दुरुस्ती' असंच लिहिलेलं आहे, पण प्रत्यक्षात मी मोबाइलचे चार्जिंग पॉइंट बदलतो आणि जळालेले मिक्सर उघडून बसतो. रेडिओ घेऊन येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यातले बहुतेक म्हातारे. त्यांना भजन लागतं, नाहीतर बाजारभाव. सुखीबाईला फक्त एक माणूस लागायचा.

ती आमच्या शेताला लागून असलेल्या बंजारा तांड्यावरची. कापूस वेचणाऱ्या आठ-दहा बायकांची तिची टोळी होती आणि दरवर्षी आमचा कापूस तीच टोळी वेचायची. हात असा सफाईचा की बोंडातून कापूस काढला तर वाळक्या पाकळीचं कुसही सोबत येत नसे. माझी बायको विमल तिनं वेचलेला कापूस वेगळा ठेवायची आणि घरच्या गाद्यांना तोच वापरायची. तोंडानं मात्र फटकळ. विमल छत्री घेऊन बांधावर उभी राहिली की ही कापसाच्या ओळीतूनच ओरडायची, "ताई, तुमी वावरात आल्या का फिराले आल्या?" विमल चिडायची आणि संध्याकाळी घरी येऊन तेच वाक्य मला हसत सांगायची.

तांड्यावरच्या तरुण बायका कधीच्या साड्या नेसायला लागल्या. सुखीबाई मात्र फेटिया-कांचळीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या घागरा-चोळीतच राहिली. दोन्ही कानांजवळ केसांत गुंफलेली चांदीची घुगरी लोंबत असायची. मान हलली की वाजायची. बंजाऱ्यांत घुगरी म्हणजे नवरा जिवंत असल्याची खूण, आपल्याकडच्या कुंकवासारखी. नवरा गेला की त्याच दिवशी उतरवतात. सुखीबाईची घुगरी हाच तांड्यावर वर्षानुवर्षं चघळला गेलेला विषय होता, कारण तिचा नवरा आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

धनसिंग बोअरच्या गाडीवर मजूर म्हणून गेला होता. गाडी राज्याराज्यांतून जमिनीला भोकं पाडत फिरायची. मुलगी अंजू तेव्हा आठ महिन्यांची. पहिल्या वर्षी तो दोनदा घरी आला. दुसऱ्या वर्षी तांड्यावरच्या दुकानात त्याचा गोरखपूरहून फोन आला: बरा आहे, गाडी पुढं जाणार आहे. पुढं म्हणजे कुठं, हे दुकानदारानं विचारलं नाही. त्यानंतर ना फोन, ना चिठ्ठी. ठेकेदाराचा नंबर बंद झाला. धनसिंगचा थोरला भाऊ डोंगरसिंग गोरखपूरपर्यंत जाऊन आला, पोलिसांत अर्ज देऊन आला, आणि येताना नुसता ताप घेऊन आला. पुढची आठ वर्षं सुखीबाईनं कापूस वेचला, मुलगी शाळेत घातली आणि घुगरी घासून लख्ख ठेवली.

मग अकरा वर्षांपूर्वी, दिवाळी उलटल्यावर, ती डोंगरसिंगच्या घरातला जुना दोन बँडचा रेडिओ घेऊन माझ्या दुकानात आली. काटा फिरवायचा दोरा तुटला होता. मी दोरा ओवला, रेडिओ चालू केला आणि काटा सरकतो का ते बघू लागलो. साडेपाच-पावणेसहाची वेळ असेल. मिडियम वेव्हचं असं असतं की दिवसा आपलं नेहमीचं एकच केंद्र ऐकू येतं, आणि दिवस बुडायला लागला की लांबची परकी केंद्रं त्याच्या अंगावर येऊन बसतात. कधी तेलुगू, कधी बंगाली, कधी काय ते देवाला ठाऊक. चाळीस वर्षं ही कटकट ऐकून माझे कान किटले होते. मी काटा पुढे ढकलणार, एवढ्यात सुखीबाईनं माझं मनगट धरलं.

"थांबा, भाऊ. थांबा ना."

खरखरीतून एक पुरुषी आवाज येत होता. संथ, थोडा नाकातला. वाक्य संपलं की 'छ'. पुन्हा वाक्य, पुन्हा 'छ'. सुखीबाई काउंटरवर वाकली होती. तिच्या घुगरीचं टोक रेडिओच्या जाळीला लागून टिकटिक वाजत होतं.

"हा आमच्या बोलीत बोलून राह्यला," ती म्हणाली. "आयका. 'म' म्हने. म म्हंजे मी. आता 'छोरी' म्हनलं. छोरी म्हंजे लेक. आन् छ तर आमचंच. भाऊ, हा गोरमाटी होय ना? आमच्यातलाच, बंजारा?"

माझ्यापुढे एका गिऱ्हाइकाचा टीव्ही उघडा पडला होता आणि तो माणूस समोर उभा राहून घड्याळ बघत होता.

"असन," मी म्हणालो.

"कुठून बोलून राह्यला?"

"दिल्लीहून असन. नाहीतर तिकडंच वर कुठंतरी."

"वर म्हंजे गोरखपूरकडं?"

"असन, असन."

रेडिओ कसा चालतो हे मी जाणतो, म्हणजे त्यातून काय बोललं जातं हेही मीच जाणणार, असं तिनं धरलं. मी 'मला माहीत नाही' म्हणालो असतो तर माझं काय जाणार होतं? काही नाही. पण दुकानात बसलेल्या माणसाला ते वाक्य जमत नाही, हे मला उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी ती वेचणी सोडून सकाळीच आली. चेहरा असा उजळलेला मी तिचा कधी पाहिला नव्हता. म्हणाली, रात्रभर विचार केला, आवाज ओळखीचा आहे. बोलायच्या आधी तो माणूस घसा खाकरतो, अगदी धनसिंगसारखा. आणि त्यानं छोरी म्हटलं. अंजूचं विचारत होता.

मी हसलो. "सुखीबाई, रेडिओवर सगळेच खाकरतात."

"सगळे कायले खाकरतीन? थे बातम्यावाली बाई खाकरते काय?"

मी म्हणालो, तुमच्या मनाला पटतंय ना, मग ऐका. आणि तिच्या रेडिओच्या काचेवर त्या केंद्राच्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं मला.

तेव्हापासून सुखीबाईचा दिवस साडेपाचला संपायचा. वेचणी ऐन भरात असो, ढग आलेले असोत, ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करून ती तांड्याची वाट धरायची. विमल कुरकुरायची. कापूस अर्धा झाडावर आणि हिची सांज झाली, म्हणायची. एकदा तिनं मला सरळच विचारलं.

"तुमी तिले हो काहून म्हनलं?"

"मी हो नाई म्हनलं. असन म्हनलं."

"तुमच्या असनवर थे बाई घर बांधून राह्यली, समजते काय तुमाले?"

समजत होतं. पण घर बांधणाऱ्या माणसाकडे बघायला बरं वाटतं, त्याचं मी काय करू? तिची पाठ सरळ झाली होती. तांड्यावर कोणी टोमणा मारला की ती हातवारे करून सांगायची, नोकरी पक्की आहे, सुट्टी मिळत नसेल. उन्हाळ्यात खरखर वाढून केंद्र लागेनासं झालं की म्हणायची, सुट्टीवर गेला. त्याचं बोलणं निम्मं कळत नाही, हे तिलाही मान्य होतं. त्याचंही कारण तिनं शोधून ठेवलं होतं: "इतके वर्सं कोरायमंदी राह्यला, बोली बाटली त्याची." कोर म्हणजे आपण, बंजारा नसलेले सगळे. आम्हीच तिच्या नवऱ्याची भाषा बिघडवली, असं ती मला माझ्याच दुकानात ऐकवायची.

एकदा तिला पत्र पाठवायचं होतं. पत्ता विचारायला आली. मी म्हणालो, रेडिओवाले पत्ता देत नाहीत. हे दुसरं खोटं. यालाही फार विचार लागला नाही.

खरं कळलं ते दोन वर्षांपूर्वी. स्पीकरची तार सुटली म्हणून सुखीबाईनं रेडिओ दुकानात ठेवला होता. संध्याकाळी तार जोडून मी तो लावून बघत होतो. आमच्या बाजारपेठेत राखण करणारा एक गुरखा आहे. सगळे त्याला बहादूर म्हणतात; त्याचं खरं नाव मीही कधी विचारलं नाही. दुकानं बंद व्हायच्या आधी त्याची एक चक्कर असते. तो बोळीतून जाता जाता थबकला, परत फिरला आणि चप्पल काढून पायरी चढला. देवळात चढतात तसा.

"भैया, ये किसने लगाया? ये तो हमारा बोली है."

"तुमचा म्हणजे?"

"नेपाली. हमारे गाँव में यही बजता था."

मी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला. मी विचारलं, काय बोलतोय तो? बहादूरनं कान लावला आणि हसत हसत सांगितलं की कोबीला कीड लागते, तिच्यावर काय फवारायचं ते सांगतोय. मी विचारलं, आणि छोरी? तो म्हणाला, छोरी म्हणजे बेटी. बेटीला शाळेत पाठवा, असं रोजच सांगतात. कार्यक्रमाच्या शेवटी त्या माणसानं आपलं नाव सांगितलं, ते बहादूरनं मला पुन्हा म्हणून दाखवलं. तीरथ की काहीतरी. "बूढ़ा आदमी है," तो म्हणाला. "आवाज़ से लगता है, साठ के ऊपर."

धनसिंग असता तर पन्नाशीही गाठली नसती त्यानं.

त्या आठवड्यात बहादूर रोज संध्याकाळी येऊन माझ्या पायरीवर बसला आणि मी मुद्दाम रेडिओ परत द्यायला उशीर केला. त्याला ऐकताना बघून मला लाज वाटत होती. एका माणसाची ती खरी भाषा होती, आणि मी ती दुसऱ्याच कोणाला तरी तिची म्हणून देऊन टाकली होती.

सुखीबाई रेडिओ न्यायला आली तेव्हा मी म्हणालो, तार जोडली आहे, आता पाच वर्षं बघायला नको. एवढंच. स्वतःला समजावलं की अंजूचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, आत्ता कशाला. खरं कारण इतकंच की सांगताना मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. भित्रा माणूस दुसऱ्याच्या काळजीचं पांघरूण लगेच अंगावर ओढतो, तसं मी ओढलं.

यंदा अंजूचं लग्न ठरलं. मुलगा शाम, उमरखेडकडच्या तांड्यावरचा, कृषी केंद्रात कामाला. मुलगा चांगला, अंजूच्या पसंतीचा. सगळं जुळलं आणि पत्रिकेवर अडलं. डोंगरसिंगनं मजकूर लिहून उमरखेडच्या छापखान्यात दिला, त्यात होतं 'कै. धनसिंग यांची कन्या'. सुखीबाईनं अंजूला पाठवून 'कै.' खोडायला लावलं आणि 'श्री.' लिहून घेतलं. छापखानेवाल्यानं मुलाकडच्यांना फोन केला: नक्की काय छापू? मुलाचे वडील बादलभाऊ भडकले. त्यांचंही चुकीचं नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला की बाप मेला असेल तर मेला म्हणा, जिवंत असेल तर मांडवात आणून बसवा. बायको-पोर टाकून पळालेल्या माणसाचं नाव आम्ही आमच्या पत्रिकेत श्री लावून मिरवणार नाही.

त्या एका अक्षरावर सुखीबाईचं सगळं टांगलेलं होतं. 'कै.' छापलं की घुगरी उतरणार, लेकीच्या हळदीला तिला हात लावता येणार नाही, आणि जो माणूस तिच्या मते रोज साडेपाचनंतर बोलत होता तो मेलेला ठरणार. 'श्री.' छापलं तर कदाचित लग्नच मोडणार. तांड्याची बैठक बसवायचं ठरलं. नसाब म्हणतात तिला. नसाबीत कोराला बोलवत नाहीत. पण सुखीबाईनं माझं नाव साक्षीला दिलं.

ती स्वतः मला सांगायला आली. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"भाऊ, तुमाले जास्त काही बोला लागत नाई. मले जे सांगतलं होतं, तेवढंच चार मानसाईत सांगा."

तेव्हा सांगायला हवं होतं. ती एकटी, मी एकटा. रडली असती, शिव्या दिल्या असत्या, घरी जाऊन स्वतःच काय ते ठरवलं असतं. मी म्हणालो, येतो. रविवारी निघताना विमल मोटरसायकलपाशी आली आणि म्हणाली, "आधी तिले एकटीले बाजूले घ्या. सगळ्याईसमोर नोका बोलू." मी म्हणालो, पाहू.

बाजूला घ्यायला जमलंच नाही, असं मी विमलला नंतर सांगितलं. तेही खोटं. तांड्यावर पोचलो तेव्हा सुखीबाई वाटेतच उभी होती.

तांड्याचे प्रमुख, नायक उकंडा, यांच्या घरापुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला डोंगरसिंग आणि तांड्यातली जाणती माणसं, दुसऱ्या बाजूला बादलभाऊ आणि त्यांचे दोन भाऊबंद, मागे बायका. अंजू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मधे पालथ्या घातलेल्या डब्यावर रेडिओ. सुखीबाईनं तो स्वतः लावला, लाल ठिपक्यावर काटा नेला आणि मागे सरून बसली. हिवाळ्याची संध्याकाळ, आभाळ स्वच्छ. केंद्र इतकं साफ मी कधी ऐकलं नव्हतं. त्या माणसानं घसा खाकरला.

सगळा तांडा पहिल्यांदाच ते एकत्र ऐकत होता. पहिला 'छ' आला तशा दोन-तीन माना हलल्या. 'घर' आलं, 'पानी' आलं. 'छोरी' आलं तेव्हा बायकांत कुजबुज झाली. गंगी नावाची म्हातारी विधवा होती, धनसिंगला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, आवाज त्याचाच आहे, जरा घोगरा झालाय. डोंगरसिंग खाली मान घालून ऐकत होता, पण सरकत सरकत तोही रेडिओजवळ आला होता. उकंडा नायकानं डोळे मिटले होते. ते तसेच म्हणाले, "बोली तं आपलीच वाटते. लय पान्यानं धुतली, पन आपलीच."

वीसेक शहाणी माणसं त्या एका 'छ'ला धरून बसली होती. बादलभाऊही विचारात पडले होते. मी गप्प बसलो असतो, नुसती मान हलवली असती, तर त्या दिवशी पत्रिकेवर 'श्री.' छापलं गेलं असतं.

मग बादलभाऊ माझ्याकडे वळले. "मिस्त्री, तुमी यातले जानते. हा मानूस धनसिंग होय, असं कागदावर लिहून द्या. उद्या लगन झाल्यावर काही दुसरं निंघालं, तं आमी तुमच्याच दुकानावर येऊ. साऱ्या महागावात सांगू."

मला आठवतंय, त्या क्षणी मला सुखीबाई दिसली नाही. मला माझी पाटी दिसली. दुकानापुढे जमलेली माणसं दिसली. तोंडातून शब्द आपोआप आले.

"हा धनसिंग नाही. ही नेपाळी भाषा आहे. हा तिकडचा म्हातारा माणूस आहे, शेतीचं सांगतो. कोबीच्या किडीचं."

रेडिओवर पुन्हा 'छ' आला.

"तुमाले कवापासून मालूम?" डोंगरसिंगनं विचारलं.

"दोन वर्षं झाली."

माझ्यावर कोणी हात उगारला असता तर बरं झालं असतं. कोणी काही केलं नाही. उकंडा नायक रेडिओ बंद करायला वाकले, पण त्यांना कोणतं बटण ते कळेना. शेवटी मीच उठून बंद केला. आणि तेव्हा डोंगरसिंग रडायला लागला. 'कै.' त्यानंच लिहिलं होतं, पण मघाच्या पंधरा मिनिटांत त्यालाही भाऊ परत मिळाला होता, आणि तो मी पुन्हा काढून घेतला होता. मोठ्यानं, लहान मुलासारखा रडला. एकोणीस वर्षांनी त्या संध्याकाळी धनसिंग तांड्यावर मेला, आणि मारणारा मी होतो, असंच मला वाटलं. अजूनही वाटतं.

बायकांनी सुखीबाईला आत नेलं. ती आपल्या पायांनी चालत गेली, माझ्याकडे बघितलं नाही. मी मोटरसायकलला किक मारत होतो तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. ते बाकीच्या बायकांचं होतं. सुखीबाईचा आवाज त्यात नव्हता. घुगरी गंगीनं उतरवली, हे मला नंतर कळलं. केसांत इतकी वर्षं गुंफलेली होती की सुटेना, शेवटी केसांसकट कापावी लागली.

पत्रिका आमच्याकडेही आली. 'कै. धनसिंग.' विमलनं ती वाचली, फळीवर ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. लग्नाला आम्ही गेलो. मांडव छान होता, शाम देखणा दिसत होता, अंजूचे डोळे सुजलेले होते. सुखीबाई आतल्या खोलीत बसून राहिली. विमल तिला भेटून आली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, काही बोलली नाही. मी जेवलो. लग्नात जेवतात म्हणून जेवलो.

लग्नानंतर अंजू माहेरी आली, तेव्हा एका दुपारी मायलेकी दोघी माझ्या दुकानात आल्या. सुखीबाई साडीत होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. कानांजवळ, जिथं चांदी लोंबायची, तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्याहून उजळ होती, आणि कापलेले केस बोटभर वर उभे राहिले होते. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"सुखीबाई, माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य मी बरेच दिवस पाठ करून ठेवलं होतं. "तुमी मले काय म्हनायचं थे म्हना."

ती बोलली, पण तिच्या बोलीत. इतक्या वर्षांत माझ्याशी ती कायम मराठीतच बोलली होती. आता ती सरळ माझ्याकडे बघून सलग बोलत होती, आवाज न चढवता, आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. ती थांबली. मी अंजूकडे पाहिलं.

"जाऊ द्या, काका," अंजू म्हणाली.

"नाही बाई, सांग. मला ऐकायचं आहे."

अंजूनं आईकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या तारांकडे बघत सांगू लागली. आईला ती याडी म्हणायची.

"याडी रोज त्या रेडिओसंगं बोले, काका. थो मानूस बोलून झाला का रेडिओ बंद करे, आन् मंग आपलं सांगे. मी पास झाली, म्हैस याली, कोन मेलं, कोनाचं लगन झालं. सारं सांगे. मी लहानपनी हासो. मंग हासनं बंद केलं." ती थांबली. "चार वर्सं झाले, माही आजी वारली. याडीची याडी. तवा हिनं त्याले तेरा दिवस रोज सांगतलं का ये, मी एकटी हाओ. थो नाई आला. तेराव्या दिवशी हे लय चिडली. रेडिओले म्हने, आता येऊच नोको. आला तं दारात उभा करनार नाई. तुह्या लेकीले तुहं नाव सांगनार नाई."

सुखीबाई लेकीच्या तोंडाकडे बघत होती. आपलं बोलणं नीट पोचवलं जातंय ना, हे बघत होती.

"त्याच्यानंतर तिनं कोनाले सांगतलं नाई, काका. मलेबी आता सांगतलं, लगन झाल्यावर. तिले वाटे, आपुनच नोको म्हनलं, म्हनून थो येत नाई. आपलीच चूक. चार वर्सं रोज माफी मांगे त्याले."

"मग आता काय म्हणते ती?" मी विचारलं.

अंजूनं तारांवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "म्हंते, तुमी सांगून राह्यले का थो त्यातनी नव्हताच. म्हंजे माहं बोलनं त्यानं आयकलंच नाई. मी येऊ नोको म्हनलं, थे त्याले मालूमच नाई. तं मंग थो काहून नाई आला?"

सुखीबाई काउंटरला धरून उभी होती, आणि माझ्याकडे बघून उत्तराची वाट पाहत होती.